हयातीतली अट

मी, ललिता पोपट शिरसाट, वय बासष्ट वर्षे, धर्म बौद्ध, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मंगळवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं वकील सुदर्शन रोकडे यांनी मला समजावलं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. येत्या वीस जानेवारीला माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अगदी साधी गोष्ट आहे. डॉक्टर ‘साधी गोष्ट’ म्हणाले की कागदपत्रं आवरून ठेवावीत, हे मी आईच्या आजारपणात शिकले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गेल्या महिन्यात एक कच्चा खर्डा केला होता, तो रद्द समजावा. का रद्द केला ते कलम सहामध्ये येईल. रोकडेसाहेब म्हणाले, कारणं लिहायची गरज नसते. मी म्हटलं, तेहतीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली, स्वतः मध्ये एक शब्द बोलले नाही. आता बोलू द्या.

कलम १. मंगळवार पेठेतली माझी दोन खोल्यांची सदनिका मी १९८६ साली खात्याच्या कर्जातून, स्वकष्टाने घेतली. ती माझी भाची मैत्री संजय शिरसाट हिला द्यावी. मैत्री हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी सातच्या बसने जाते आणि परत येते तेव्हा तिच्यात फक्त जेवण्यापुरता जीव उरलेला असतो. या घरात तिने झोपावं. स्वयंपाकघराची खिडकी जोर लावून लोटावी लागते, ती दुरुस्त करू नये, नाहीतर कबुतरं येतात.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातलं जे असेल ते माझा धाकटा भाऊ संजय याला. एरवी संजयच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण १९९३ पासून २००१ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ वर्षं, त्याने माझी एक गोष्ट आमच्या वडिलांपासून, म्हणजे अण्णांपासून, लपवून ठेवली. माणूस एवढं करतो तेव्हा त्याला काहीतरी ठेवून जावं.

कलम ३. घुंगरू. दोन्ही पायांचे मिळून दोनशे, माझ्या हाताने ओवलेले, प्रत्येक घुंगरामागे गाठ. हे बुधवार पेठेतल्या आमच्या नृत्यवर्गाला द्यावेत आणि ज्या मुलीला विकत घेणं जमत नसेल तिने बांधावेत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत.

हे घुंगरू माझ्या पायांत कसे आले ते सांगते. मी ट्रंक एक्स्चेंजला होते. कोल्हापूरहून कोणी पुण्याला फोन लावला तर मध्ये आम्ही असायचो. मग कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि लोक थेट बोलायला लागले. आमच्या खोलीत साठ जणी होतो, त्र्याण्णव साली चौदा उरलो. मला तक्रार विभागात हलवलं, तिथून साडेचारला सुटका. बेचाळीस वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा रिकामी संध्याकाळ मिळाली. लग्न केलं नव्हतं, आई गेलेली, अण्णा माझ्याकडे राहायचे.

अशीच एकदा बुधवार पेठेतून चालले होते. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानांच्या गल्लीत एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरून पायांचा आवाज येत होता. वीसेक पाय, एका लयीत. मी खाली उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही, पण समोरच्या दुकानदाराने विचारलं, “बाई, रेडिओ बघायचाय का?” तेव्हा भानावर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आठवड्याने जिना चढले.

वर कथकचा वर्ग चालायचा. वस्तीतल्या, पेठेतल्या कोणालाही परवडेल अशी फी, सतरंजी वाचनालयाची, तबला श्रीनिवास यांचा आणि गुरू द्वारकाताई मेहेंदळे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“मुलीला न्यायला आलात?”

“नाही. मलाच शिकायचंय.”

“मग उशीर झालाय.”

माझा चेहरा पडला असावा. मी विचारलं, “फारच का?”

“पंधरा मिनिटं. वर्ग पाचला सुरू होतो. पदर खोचा आणि मागे उभ्या राहा.”

पहिलं वर्षभर मी सात वर्षांच्या मुलींबरोबर उभी राहिले. त्या मला काकू म्हणायच्या आणि माझे हात धरून सरळ करायच्या. घरी जाताना माझी पोटरी ठणकायची आणि मी रस्त्याने हसत असायचे. त्या हसण्याची सर नंतर कशालाही आली नाही, बढतीलाही नाही.

पुढच्या वर्षी मैत्रीलाही घेऊन जायला लागले. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पंधराव्या वर्षापर्यंत आली. दहावी आली, कॉम्प्युटर आला, इंजिनिअरिंग आलं. “आत्या, वीकेंडला ट्राय करते ना. या वीकेंडला रिलीज आहे पण.” हे वाक्य मी गेली पाच वर्षं ऐकते आहे. तिच्या मनगटांत लय होती, ती मनगटं आता माऊस धरून धरून दुखतात.

कलम ४. द्वारकाताई मेहेंदळे २००६ साली गेल्या. त्यांच्यावरचा एक राग माझ्या मालकीचा आहे, तो कोणालाही न देता माझ्याबरोबर संपवावा. शिकायला लागून सहा महिने झाले तेव्हा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ललिताबाई, तुमच्या लोकांत लय उपजतच असते हो.” त्यांना वाटलं, कौतुक केलं. मला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी गेले आणि म्हटलं, “उपजत असती तर तुमची फी कशाला भरली असती?” त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. माझं चुकलं. चला, पाय लावा.” चुकलं म्हणणारी माणसं पुण्यात फार नाहीत, म्हणून वर्ग सोडला नाही. राग मात्र ठेवला. दोन्ही जमतं.

त्यांचा पितळी तांब्या माझ्याकडे आहे, तो सध्या वर्ग चालवणाऱ्या प्रियदर्शनी यांनी वर्गासाठी परत घ्यावा.

कलम ५. अण्णा. या कलमात द्यायचं काही नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

आमचे वडील, पोपट शिरसाट, खडकीच्या कारखान्यात बेचाळीस वर्षं कामगार होते. छप्पन्न साली त्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा मी पाच वर्षांची होते. घरात पुस्तकं आली, जुनं सगळं गेलं. आमच्याकडे सिनेमातली गाणीसुद्धा हळू आवाजात लागायची. ढोलकी वाजली की अण्णा रेडिओ बंद करायचे आणि कारण सांगायचे नाहीत. नाच हा शब्द घरात निघत नसे.

तेव्हा वर्गाला जाते असं मी त्यांना सांगितलं नाही. पाली भाषेच्या वर्गाला जाते असं सांगितलं; खरं फक्त संजयला माहीत होतं. अण्णांना इतका आनंद झाला की मला खरं सांगायची सोय उरली नाही. मैत्रीही पालीलाच येते म्हटल्यावर तर त्यांनी तिला वही घेऊन दिली. आणि रोज जेवताना विचारायला लागले, “आज काय शिकवलं?” आता आली का पंचाईत! मी अप्पा बळवंत चौकातून पालीचं प्राथमिक पुस्तक आणलं आणि रोज वर्गाला जाताना चालता चालता चार ओळी पाठ करायला लागले. परतताना मंडईत शिरायचं, मेथीची जुडी घ्यायची आणि पिशवीत घुंगरांवर दाबून ठेवायची, म्हणजे जिना चढताना आवाज होत नाही. आमच्या घरी आठ वर्षं मेथी खाल्ली गेली. अण्णांनी कधी तक्रार केली नाही. आठ वर्षांत मला पाली इतकी आली की खऱ्या वर्गात जाणाऱ्यांना येत नसेल.

घोटाळा तिथेच झाला. २००१ च्या बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना कोण घेणार असं निघालं आणि अण्णांनी भर सभेत माझं नाव सांगितलं. मी घेतली. एकही चूक केली नाही. त्रिसरण तीनदा म्हणतात. तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या आवाजाचा जोर आपसूक शेवटच्या अक्षरावर आला आणि साडीच्या आत माझा उजवा पाय जमिनीवर पडला. समेवर. तिहाई अशीच येते, तोच तुकडा तीनदा आणि शेवट बरोबर ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर. लोकांना काही कळलं नाही. “काय सुंदर म्हटलंत हो ताई,” म्हणाले.

घरी आलो. दुपारची वेळ होती. अण्णांनी टोपी खुंटीला लावली आणि पाठमोरेच म्हणाले, “ललिते, पालीत सम कवापासून यायला लागली गं?”

मला बसायला जागा सापडेना.

मग अण्णांनी जे सांगितलं ते त्यांनी ऐंशी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांची आई तमाशाच्या फडात नाचायची. वेणूबाई तिचं नाव. आजीचं नाव मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळलं. अण्णा लहानपणी पडद्यामागे कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपायचे आणि झोपेतही त्यांना सम कळायची. “आईवर लोकांनी शिट्ट्या मारल्या, दौलतजादा केली. पाटीवर नाव मात्र फडमालकाचं. ती आजारी पडली तवा तिला कुणी विचारलं न्हाई.” चौदाव्या वर्षी ते पळून पुण्याला आले, परत गेले नाहीत. आई गेल्याचं पत्र बारा दिवसांनी आलं. “मी गेलो न्हाई,” म्हणाले. एवढंच दोनदा म्हणाले. अण्णांना आईची लाज वाटत होती असं मी आधी समजले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

मी म्हटलं, “अण्णा, आजीला नाचावं लागलं. मला नाचावंसं वाटतंय.”

“कळतंय मला,” ते म्हणाले. “शीक. मी कोण अडवणार. पण माझ्या हयातीत चार लोकांसमोर नको. एवढं ऐक.”

मी हो म्हटलं. द्वारकाताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वचन देताना तारीख विचारायची असते.”

अण्णा तेव्हा एक्याऐंशीचे होते. आता जे लिहिते आहे ते मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही. स्टेजची वाट पाहणं म्हणजे बापाच्या मरणाची वाट पाहणं, अशी ती अट होती. मी त्यांना सकाळी गोळ्या द्यायची, वेळेवर, एकही चुकवली नाही. हिवाळ्यात पाय शेकायची. ते जगावेत असं मला अगदी मनापासून वाटायचं. आणि दर वर्षी जानेवारीत वर्गाचं स्नेहसंमेलन आलं की मी विंगेत माईकसमोर बसून इतरांसाठी बोल म्हणायची. ता थेई थेई तत्. माझा आवाज सगळ्या सभागृहात जायचा आणि मी पडद्याआड. ज्यांना मी हात धरून शिकवलं त्या मुली पुढे नाचायच्या. मला त्या उजेडात जायचं होतं. इतकं जायचं होतं की बोल म्हणता म्हणता बसल्या जागी सगळा तुकडा मी हातांनी करायची. नऊ वर्षं.

शेवटच्या वर्षी मी एकदा अण्णांची नखं कापत होते. त्यांची बोटं खाटेच्या लाकडावर ठेका धरून हलत होती. ते माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणतील, जा. ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते, असं मला अजून वाटतं. दोघंही एकमेकांचा मान राखत बसलो. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे कबूल करते.

अण्णा २०१० च्या ऑगस्टमध्ये, नव्वदाव्या वर्षी गेले. जलदान विधी झाल्यावर दुसऱ्या सोमवारी मी वर्गात गेले, घुंगरू बांधले, उठायला गेले आणि उजवा गुडघा अडकला. श्रीनिवास यांनी तबला सोडून मला धरलं. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की गुडघ्यात वंगणच उरलेलं नाही. तेव्हापासून मी लहान मुलींना खुर्चीत बसून शिकवते.

कलम ६. रद्द केलेल्या खर्ड्याविषयी. त्यात कलम एक असं होतं: घर मैत्रीला, परंतु तिने पुन्हा वर्गात यावं आणि माझ्या पश्चात एका वर्षाच्या आत चार लोकांसमोर नाचावं, या अटीवर. मला ती अट फार सुंदर वाटली होती. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

खर्डा मैत्रीने तिच्या लॅपटॉपवर टाईप करायला घेतला. कलम एकपाशी थांबली.

“आत्या, ही आजोबांचीच अट आहे ना? व्हर्जन टू?”

मी म्हटलं, “काहीतरीच काय. ती नाचू नकोस अशी होती. ही नाच अशी आहे.”

“सेमच आहे ते. कुणीतरी मरायचं आणि मग दुसऱ्याने त्याचं ऐकायचं.” मग तिने लॅपटॉप मिटला. “मला आवडायचं गं नाचायला. अजून आवडतं. पण येईन तर माझी मी येईन. फ्लॅटसाठी नाही.”

मला राग आला. चहा न देता तिला जाऊ दिलं. दोन दिवस माझं मलाच पटवत होते की पोरगी उद्धट आहे. तिसऱ्या दिवशी खर्डा फाडला. म्हणून पुन्हा स्पष्ट लिहिते: कलम एकमधलं घर मैत्रीला विनाअट द्यावं. तिने नाचावं, न नाचावं, भाड्याने द्यावं, विकावं. माझी काहीही इच्छा तिच्यावर राहणार नाही. माझ्या इच्छा माझ्या मीच पुऱ्या करायच्या होत्या.

त्याच रात्री तिचा फोन आला. कंपनीच्या बसमधून बोलत होती, मागे सगळ्यांची बडबड. “आत्या, सॉरी नाही म्हणणार हं. पण एक विचारू? तू स्वतः का नाही करत?”

“गुडघे तुझ्या आजोबांबरोबर गेले.”

“बसून कर. तू पोरींना भाव शिकवतेस तेव्हा खुर्चीतच असतेस ना? तेव्हा कुणी गुडघ्यांकडे बघतं का?”

टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढून मी त्या दिवशी पहिल्यांदा निरोप न घेता फोन ठेवला. मग खुर्ची आरशासमोर ओढली.

कलम ७. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. श्रद्धांजली सभा घेतलीच तर भाषणं तीन मिनिटांची असावीत. सभेत कोणीही माझ्या स्मरणार्थ नाचू नये.

कलम ८. हे कलम कायद्यात बसत नाही, असं रोकडेसाहेब म्हणाले. मृत्युपत्रात मेल्यानंतरचं लिहायचं असतं. मी म्हटलं, मेल्यानंतरची वाट पाहून झाली आहे माझी. हेही लिहिणार.

रविवार, पाच जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी, वर्गाच्या स्नेहसंमेलनात मी नऊ मिनिटं बसून भाव करणार आहे. हात, मान आणि डोळे, एवढंच. तबल्यावर श्रीनिवास, बोल म्हणायला मैत्री. त्या वीकेंडलाही रिलीज आहे, तरी तिने कंपनीत रजा टाकली आहे. मी टाकायला सांगितलेली नाही, तिची तिने टाकली.

विहारातल्या चाळीस जणांना मी स्वतः घरोघरी जाऊन निमंत्रण दिलं आहे. त्यांना पहिल्या तीन रांगा राखून ठेवाव्यात. काहींनी हसून घेतलं, काहींनी दुसरीकडे पाहिलं. अण्णांचे मित्र कोंडीराम म्हणाले, “पोपटरावाच्या लेकीला हे शोभतं का?” मी म्हटलं, “येऊन बघा आणि मग सांगा.” मला भीती वाटते आहे. ऑपरेशनची वाटत नाही, इतकी याची वाटते आहे.

पुकारणाऱ्याला आधीच सांगून ठेवते. ‘नृत्य सादर करतील’ असं म्हणू नये. ते द्वारकाताईंच्या वर्गातलं बोलणं आहे; माझी आजी नाचायची. माझ्या आजीच्या पाटीवर तिचं नाव कधी लागलं नाही, तेव्हा माईकवर स्पष्ट, सावकाश म्हणावं: वेणूबाईंची नात, पोपटरावांची मुलगी, ललिता शिरसाट नाचणार आहे. आणि नंतर थोडं थांबावं. नाव ऐकून ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी जावं. मी बसलेलीच असेन.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिलं आहे. यातलं सगळं माझ्या मनाप्रमाणे आहे, फक्त थोडं उशिराने आहे.

(सही) ललिता पोपट शिरसाट

आम्ही खाली सही करणारे, ललिताबाईंनी आमच्यासमोर शुद्धीत आणि राजीखुशीने सही केल्याचं पाहिलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असं वकिलांचं म्हणणं असल्यामुळे आम्हाला काहीही ठेवलेलं नाही, याचं आम्हाला वाईट वाटलेलं नाही.

साक्षीदार १: (सही) श्रीनिवास दत्तात्रेय गुरव, तबलावादक, राहणार कसबा पेठ

साक्षीदार २: (सही) प्रियदर्शनी शुभंकर आठल्ये, नृत्यवर्ग, बुधवार पेठ

स्थळ: पुणे
दिनांक: २२ डिसेंबर २०१३